किल डेव्हिल हिल्सचे अडखळते इंजिन

१७ डिसेंबर १९०३ ही विमानाच्या पहिल्या उड्डाणाची तारीख शाळेतल्या मुलांनाही पाठ असते. त्याच वर्षीची ५ नोव्हेंबर ही तारीख मात्र विमानविद्येच्या इतिहासांतही ओझरतीच येते. त्या दिवशी अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायनातील किल डेव्हिल हिल्सच्या वाळूत, लाकडी छपराखाली, राइट बंधूंनी आपल्या नव्या यंत्रावर बसवलेले इंजिन प्रथमच पंख्यांना जोडून चालवले. इंजिन नीट चालेना. त्याने इतके गचके मारले की पंखे ज्यांवर बसवले होते ते पोलादी शाफ्टच पिळवटून निकामी झाले. या दोन तारखांमध्ये सहा आठवडे आहेत. पहिल्या उड्डाणाच्या कथेत हे सहा आठवडे ‘काही तांत्रिक अडचणींमुळे विलंब झाला’ अशा एका वाक्यात उरकले जातात. मला हे अन्यायाचे वाटते. दोघा भावांची खरी कारागिरी आणि विचार करण्याची पद्धत या आठवड्यांच्या कागदपत्रांत जितकी स्पष्ट दिसते, तितकी पहिल्या उड्डाणाच्या त्या प्रसिद्ध छायाचित्रातही दिसत नाही.

कागदपत्रे भरपूर आहेत, पण ती सगळी एका तोलाची नाहीत. ऑर्विलची त्या दिवसांतली रोजनिशी आहे. दोघांनी डेटनला वडील बिशप मिल्टन राइट, बहीण कॅथरीन आणि कारागीर चार्ली टेलर यांना लिहिलेली पत्रे आहेत. बिशपांची स्वतःची रोजनिशीही आहे. ही सगळी घटनेच्या वेळची. ऑर्विलने १९१३ साली लिहिलेला ‘आम्ही पहिले उड्डाण कसे केले’ या आशयाचा लेख दहा वर्षांनंतरचा आहे, तर चार्ली टेलरच्या आठवणी १९४८ च्या डिसेंबरात ‘कॉलिअर्स’ साप्ताहिकात आल्या, म्हणजे पंचेचाळीस वर्षांनंतर. बखर आणि अस्सल पत्र यांतला फरक इतिहासकार राजवाड्यांनी आपल्याला शिकवला आहे. इथेही तोच नेम पाळायला हवा. कोणत्या दिवशी काय घडले हे रोजनिशी आणि पत्रांवरून ठरवावे. ते का घडले याचा उलगडा मात्र १९१३ च्या लेखातच उत्तम सापडतो, कारण तोवर ऑर्विलला दहा वर्षांचा इंजिनांचा अनुभव आला होता.

आधी इंजिन पाहू. १९०२ च्या डिसेंबरात विल्बरने अनेक इंजिन उत्पादकांना पत्रे लिहून हलके, पण आठ अश्वशक्ती देणारे इंजिन मिळेल का, अशी विचारणा केली. पसंतीस उतरेल असे उत्तर कुणाकडूनच आले नाही. मग त्यांनी आपल्याच सायकलच्या कारखान्यात ते घडवायचे ठरवले. काम केले चार्ली टेलरने. त्याच्या सांगण्यानुसार पद्धतशीर नकाशे नव्हतेच. कागदाच्या चिठोऱ्यांवर एकेक भाग रेखाटून तो चिठोरा कामाच्या टेबलासमोर अडकवायचा आणि त्याबरहुकूम लेथवर भाग काढायचा, असे चालले. सहा आठवड्यांत इंजिन उभे राहिले. चार आडवे सिलिंडर, व्यास चार इंच, दट्ट्याची धावही चार इंच. सिलिंडर ज्यात बसवले ती क्रँककेस ॲल्युमिनियमची ओतीव, त्यात थोडे तांबे मिसळलेले. त्या काळी एवढा मोठा भाग ॲल्युमिनियममध्ये ओतणे हेच धाडस होते.

१२ फेब्रुवारी १९०३ ला ते प्रथम चालले आणि दुसऱ्याच दिवशी फुटले. पेट्रोल ठिबकून बेअरिंग जाम झाली आणि क्रँककेसला तडा गेला. मुलांनी आज आपले छोटे इंजिन मोडले, अशा अर्थाची साधी नोंद बिशपांच्या रोजनिशीत आहे, एखाद्या घरगुती घटनेसारखी. नवे ओतकाम एप्रिलच्या २० तारखेला हाती आले आणि मे महिन्यात दुसरे इंजिन चालू लागले. सुरुवातीची काही सेकंद ते सोळा अश्वशक्ती देई. मग आत येणारी हवा तापून विरळ होई आणि ताकद बारावर येऊन स्थिरावे. मागणी आठची होती, तेव्हा बारा म्हणजे चैनच. त्या जास्तीच्या ताकदीवर भावांनी यंत्राचा सांगाडा अधिक भक्कम करून घेतला.

या इंजिनात जे नव्हते तेही ध्यानात घेतले पाहिजे. त्याला कार्बुरेटर नव्हता. पंखांमधल्या एका खांबावर बांधलेल्या छोट्या टाकीतून पेट्रोल आपल्या वजनाने खाली येई, क्रँककेसच्या माथ्यावरील उथळ, तापलेल्या कप्प्यात पडे आणि तिथे त्याची वाफ होई. धार किती सोडायची ते उड्डाणाआधी तोटी फिरवून ठरवायचे, हवेत गेल्यावर त्यात बदल नाही. थ्रॉटलही नव्हता, वेग थोडाफार बदलायचा तर ठिणगी पडण्याची वेळ मागेपुढे करायची. पाण्याचा पंप नव्हता. स्पार्क प्लगसुद्धा नव्हते. प्रत्येक सिलिंडरच्या आत दोन टोके एकमेकांना चिकटत आणि झटक्यात अलग होत, त्या क्षणी मॅग्नेटोच्या विजेची ठिणगी पडे. आत घेण्याचे व्हॉल्व्हही कुणी उघडत नसे, दट्टा मागे गेला की त्याच्या ओढीनेच ते उघडत. थोडक्यात, ठिणगी, इंधन आणि व्हॉल्व्ह या तिन्ही बाबतींत बिघाडाला भरपूर वाव होता.

आज लहान विमानाचे इंजिन खडखडू लागले तर मेकॅनिककडे शोध घेण्याच्या ठरलेल्या वाटा आहेत. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि इंजिनाला दोन मॅग्नेटो असतात. एक बंद करून दुसऱ्यावर चालवून पाहायचे, मग उलट करायचे. एका बाजूला फेरे जास्त घटले तर दोष ठिणगीच्या बाजूचा. दोन्हीकडे सारखाच खडखडाट असेल तर मिश्रण पातळ-दाट करून बघायचे, इंधनात पाणी आहे का ते तळातून काढून पाहायचे, कार्बुरेटरात बर्फ धरला असेल तर गरम हवा सोडायची. राइट बंधूंकडे एकच मॅग्नेटो होता आणि मिश्रण चालू इंजिनावर बारकाईने सुधारायला पुरेसे साधन नव्हते. शिवाय त्यांचे दुकान रेल्वेने आणि बोटीने काही दिवसांच्या अंतरावर होते.

५ नोव्हेंबरला काय झाले? मॅग्नेटोची ठिणगी पुरेशी जोरदार पडत नव्हती. त्यामुळे काही स्फोट हुकत, तर काही वेळेआधीच होत. आपल्याकडे गॅरेजमध्ये ‘गाडी मिसिंग मारतेय’ म्हणतात, तोच प्रकार. पण गाडीत मिसिंग झाले तर प्रवाशांना धक्के बसतात एवढेच. इथे इंजिनाची ताकद सायकलसारख्या, पण जाड चेनमधून पंख्यांकडे जात होती. इंजिनाच्या बाजूला आठ दात्यांचे स्प्रॉकेट, पंख्याच्या बाजूला तेवीस दात्यांचे, म्हणजे इंजिनाच्या जवळपास तीन फेऱ्यांना पंख्याचा एक फेरा. पंखे साडेआठ फुटी, लाकडी. एकदा फिरायला लागले की ते आपल्या वजनाने फिरत राहतात. एक स्फोट हुकला की इंजिन क्षणभर मागे पडते आणि चेन सैल होते. पुढचा स्फोट पूर्ण जोराने झाला की चेन ताडकन ताणली जाते. पंखा एका क्षणात वेग वाढवू शकत नाही, त्यामुळे सगळा हिसका मधल्या शाफ्टला सोसावा लागतो. तोही मिनिटाला शेकडो वेळा. पंखा शाफ्टला ज्या आडव्या भागाने जोडला होता तो जोडच तुटून निघाला.

योगायोगाने त्याच दिवशी तळावर आलेले उड्डाणाचे अभ्यासक डॉ. जॉर्ज स्प्रॅट घरी निघाले होते. मोडके शाफ्ट त्यांच्याबरोबरच गेले, पुढे डेटनला टेलरकडे पाठवण्यासाठी. दुसऱ्या दिवशी शिकागोचे वयोवृद्ध अभियंते ऑक्टेव्ह शानूट आले. उड्डाण बघायला आलेल्या पाहुण्याला मोडके यंत्र बघावे लागले. ते आठवडाभर राहिले आणि जाताना एक चिंता मागे ठेवून गेले. चेनमध्ये किती ताकद वाया जाईल, असे त्यांनी विचारले होते. भावांनी पाच टक्के धरली होती. शानूट म्हणाले की प्रत्यक्षात लोक याच्या कितीतरी पट धरतात. हे खरे असते तर यंत्र जमिनीवरून उठलेच नसते.

यानंतर त्यांनी जे केले ते मला या सगळ्या प्रकरणातले सर्वांत सुंदर काम वाटते. इंजिन चालू करता येत नव्हते, शाफ्ट हाताशी नव्हते. मग त्यांनी चेन एका स्प्रॉकेटवरून खाली सोडली आणि दोन्ही टोकांना वाळूच्या पिशव्या बांधल्या. वजन एवढे, की चालू इंजिनाच्या वेळी चेनवर जितका ताण येणार त्याच्याशी जवळपास जुळावे. मग एका पिशवीत थोडी थोडी वाळू वाढवत गेले. दुसरी पिशवी वर उचलली जायला जितकी जास्तीची वाळू लागली, तितके चेनचे घर्षण. हिशेब पाच टक्क्यांच्या आसपासच आला. पद्धतीत चूक दिसत नव्हती, तरी पंखे प्रत्यक्ष फिरेपर्यंत आपल्या जिवाला स्वस्थता नव्हती, असे ऑर्विलने दहा वर्षांनी लिहिले आहे. हे वाक्य नंतरचे असले तरी मी ते ग्राह्य धरतो. स्वतःच्या मोजमापावर विश्वास ठेवूनही खातरजमा होईपर्यंत थांबणारा माणूस असाच लिहील.

थंडी वाढत चालली होती. विल्बरने वडिलांना लिहिलेल्या २३ नोव्हेंबरच्या पत्रात रात्रींची प्रतवारी आहे. आधी किती घोंगड्यांची रात्र यावरून वर्ग असत. आता पाच घोंगड्या, त्यावर दोन रजया, मग शेकोटी, मग गरम पाण्याचा जग असे वर्ग वाढत चालल्याचे तो सांगतो. कपडे न उतरवता, बूट-टोपीसकट झोपण्याचे वर्ग अजून यायचे आहेत, असेही त्यात आहे. हिवाळा जवळ येत होता आणि प्रत्येक बिघाड त्यांच्या उरलेल्या दिवसांतून वजा होत होता.

टेलरने केलेले जाड नळीचे नवे शाफ्ट २० नोव्हेंबरला आले. त्याच दिवशी बसवले आणि इंजिन चालवले. आता शाफ्ट टिकले, पण स्प्रॉकेट सुटू लागले. स्प्रॉकेट शाफ्टवर आट्यांनी फिरवून बसवले होते आणि ते सैल पडू नयेत म्हणून उलट आट्यांचे नट वरून आवळले होते. इंजिनाच्या गचक्यांपुढे दोन्ही निरुपयोगी. आवळावे, इंजिन सुरू करावे, पुन्हा ढिले. दिवस निराशेत मावळला. रोजनिशी आणि १९१३ चा लेख या बाबतीत एकमताने बोलतात.

दुसऱ्या दिवशी सायकलच्या दुकानातली विद्या कामाला आली. सायकलचा टायर लाकडी किंवा पोलादी रिमवर पक्का बसवायला तेव्हा एक कडक सिमेंट वापरत. पंक्चर काढण्याच्या पातळ सोल्यूशनहून ते वेगळे असते, उष्णतेने वितळते आणि थंड झाल्यावर दगडासारखे घट्ट होते. याच सिमेंटने त्यांनी एकदा एक स्टॉपवॉच दुरुस्त केले होते, घड्याळजींनी हात टेकल्यावर. शाफ्ट आणि स्प्रॉकेट तापवले, आट्यांमध्ये सिमेंट वितळू दिले, पुन्हा फिरवून बसवले. स्प्रॉकेट परत सुटले नाही. टेलरला लिहिलेल्या पत्रात ऑर्विलने या सिमेंटचे आर्नस्टाइन हे नाव घेऊन मनापासून आभार मानले आहेत.

मग यंत्र इंजिनासकट चालवून पंख्यांची ओढ मोजली. पंखे मिनिटाला सुमारे ३५० फेरे घेत होते आणि ओढ १३२ ते १३६ पौंड भरली. यंत्राचे वजन, त्यावरच्या माणसासह, सातशे पौंडांच्या वर गेले होते. त्यांच्या हिशेबाने जितकी ओढ लागणार होती त्यापेक्षा हा आकडा चांगलाच जास्त होता. वाळूच्या पिशव्यांनी खरेच सांगितले होते.

इथे ही कथा संपायला हवी होती. पण २८ नोव्हेंबरला छपराखालीच इंजिन चालवताना एका शाफ्टच्या फिरण्यात काहीतरी वावगे दिसले. इंजिन थांबवून पाहिले तर नव्या, जाड नळीला तडा गेला होता.

एखाद्या भागाला तडा गेला की सरळ मार्ग म्हणजे पुढचा भाग आणखी जाड करणे. पहिल्या वेळी त्यांनी तेच केले होते. दुसऱ्या वेळी त्यांनी प्रश्नच वेगळा विचारला. हिशेब सांगत होता की सुरळीत फिरवण्यासाठी जेवढी मजबुती लागते तिच्या कितीतरी पट मजबुती त्या नळीत आधीच आहे. म्हणजे नळी कमजोर नव्हती, ती ताठ होती. मोठ्या व्यासाची पोकळ नळी पिळाला जवळजवळ दाद देत नाही. इंजिनाचा प्रत्येक हुकलेला आणि वेळेआधीचा स्फोट तिच्यावर हातोड्यासारखा आदळत होता, आणि तो आघात मुरवायला तिच्यात लवच नव्हती. उलट त्याच ताकदीचा, पण कमी व्यासाचा भरीव दांडा थोडा पिळवटला जाऊन परत सरळ होतो. हिसका त्याच्या लवचिकतेत विरून जातो. तेव्हा चांगल्या टूल स्टीलचे, भरीव आणि आधीपेक्षा बारीक शाफ्ट करायचे ठरले.

हा निदानाचा उच्चांक आहे असे मला वाटते. इंजिनाचा मूळ दोष, म्हणजे अनियमित स्फोट, त्यांना त्या तळावर पूर्णपणे दूर करता येण्यासारखा नव्हता. तो त्या इंजिनाच्या रचनेतच होता. मग त्यांनी दोषाची वाट शोधली. हिसका कुठे जन्मतो, कुठून जातो आणि कुठे जाऊन तोडफोड करतो, हे पाहिले आणि वाटेतच तो शोषून घेणारा दुवा बसवला. आजच्या अनेक पिस्टन इंजिनांमध्ये पिळाची कंपने मुरवण्याची स्वतंत्र व्यवस्था असते. १९०३ साली समुद्रकाठच्या एका छपराखाली दोन सायकलवाले एका तडा गेलेल्या नळीवरून तिथपर्यंत पोहोचले.

३० नोव्हेंबरला ऑर्विल एकटाच डेटनला निघाला. विल्बर तळावर राहिला. डेटनच्या दुकानात नवे शाफ्ट झाले आणि ९ डिसेंबरला ऑर्विल ते घेऊन परतीच्या गाडीत बसला. वाटेत वर्तमानपत्रात त्याने वाचले की आदल्या दिवशी वॉशिंग्टनजवळ पोटोमॅक नदीत प्रा. सॅम्युअल लँग्ली यांचे यंत्र पुन्हा कोसळले.

लँग्ली यांच्या इंजिनाबद्दल दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. चार्ल्स मॅनली यांनी सिद्ध केलेले ते पाच सिलिंडरांचे, ताऱ्यासारख्या मांडणीचे इंजिन बावन्न अश्वशक्ती देई आणि तासन्‌तास सुरळीत चाले. त्या काळातले ते सर्वोत्तम विमान-इंजिन होते यात मला शंका नाही. सरकारच्या युद्धखात्याने त्या प्रयोगाला पन्नास हजार डॉलर दिले होते. तेव्हा चांगल्या इंजिनामुळे उड्डाण झाले असे म्हणता येत नाही. किल डेव्हिल हिल्सच्या माणसांकडे वाईट इंजिन होते, पण त्यांना यंत्र हवेत सावरता येत होते आणि वाईट इंजिन काय करते हे त्यांनी शेवटच्या बोल्टपर्यंत जाणून घेतले होते.

११ डिसेंबरला ऑर्विल तळावर पोहोचला. १४ तारखेला नाणे उडवून विल्बरची पाळी लागली. यंत्र उतारावरून उठले, नाक फार वर गेले आणि साडेतीन सेकंदांत वाळूत टेकले. त्या दिवशीच्या घरच्या पत्रात विल्बर ताकद मुबलक असल्याचे निःशंकपणे लिहितो. चूक आपल्या हाताला सवय नसल्याची, असे त्याचे म्हणणे. इंजिनाची काळजी त्या पत्रातून नाहीशी झाली आहे. १७ तारखेला चार उड्डाणे झाली. पहिले बारा सेकंदांचे, शेवटचे एकोणसाठ सेकंदांचे आणि ८५२ फुटांचे. यंत्रावर वाऱ्याचा मापक, स्टॉपवॉच आणि इंजिनाचे फेरे मोजणारे उपकरण होते. इंजिन बंद करणाऱ्या तरफेबरोबरच ही तिन्ही थांबत. एवढ्या उत्साहाच्या क्षणीही इंजिन किती फेरे घेते याची नोंद चुकू दिली नव्हती.

त्याच दुपारी वाऱ्याच्या झोताने यंत्र उलटेपालटे केले आणि इंजिनाचे पाय मोडले. त्याचा क्रँकशाफ्ट आणि फ्लायव्हील १९०६ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाला दिले ते परत आलेच नाहीत. १९१३ च्या मार्चमधील डेटनच्या महापुरात काचेच्या निगेटिव्ह पाण्याखाली गेल्या, यंत्राच्या पेट्या चिखलाने भरल्या. इतक्या आपत्तींतून त्या सहा आठवड्यांची रोजनिशी आणि पत्रे मात्र वाचली. ऑर्विलच्या मृत्यूनंतर ती अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला मिळाली आणि १९५३ मध्ये मार्विन मॅकफार्लंड यांनी त्यांचे दोन खंड संपादित केले. धातू हरवला, तरी बिघाडाचा आणि दुरुस्तीचा दिवसवार माग त्या कागदांत आहे.

त्या कागदांत राइट बंधूंच्या खालोखाल ज्याचे नाव यायला हवे, तो चार्ली टेलर १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात वारला. अमेरिकेत पन्नास वर्षे विमाने दुरुस्त करण्यात घालवलेल्या मेकॅनिकला सरकारी विमानखाते जो सन्मान देते, तो आज त्याच्या नावाने दिला जातो.